कादंबरीसाठी फ्रॅटर्निटी-सोरोरिटीची नावं कशी बनवू?

घोडबंदरची_लेखिका: नमस्कार मंडळी. मी ठाण्याची, दीड वर्ष एक कादंबरी लिहितेय. नायिका नौपाड्यातली, बारावीनंतर अमेरिकेत एका युनिव्हर्सिटीत शिकायला जाते (युनिव्हर्सिटी काल्पनिकच ठेवलीये) आणि रूममेटच्या आग्रहाने पहिल्याच वर्षी एका सोरोरिटीत (तिथल्या कॉलेजातल्या मुलींची संस्था, नाव बहुतेक ग्रीक अक्षरांचं) जाते. पुढे शेजारच्या फ्रॅटर्निटीत (मुलांची तशीच संस्था) नवीन पोरांच्या छळात एक मुलगा जीव गमावतो, हिने थोडंफार पाहिलेलं असतं, आणि बोलायचं की गप्प बसायचं यावर सगळी कादंबरी उभी आहे. अडलंय ते नावांवर. मी जी तीन ग्रीक अक्षरं जुळवते ती शोधली की खरीच कुठलीतरी संस्था निघते, आणि नाही निघाली तर मराठी पानावर गणिताच्या वहीतून आल्यासारखी दिसतात. साठ पानं नुसतं "ती सोरोरिटी" लिहून रेटलीत, आता पुढे सरकतच नाहीये. कुणी सांगेल का, ही नावं मुळात ठरतात कशी?

बेलापूर_खाडी: ताई, अक्षरं आधी जुळवू नका, आधी अर्थ ठरवा. ग्रीक अक्षरांचा हा प्रकार सुरू झाला फाय बीटा कॅपा या विद्यार्थ्यांच्या संस्थेपासून, डिसेंबर १७७६, व्हर्जिनियातलं विल्यम अँड मेरी कॉलेज. ती तीन अक्षरं म्हणजे त्यांच्या ग्रीक ब्रीदवाक्यातल्या तीन शब्दांची आद्याक्षरं, अर्थ साधारण असा की तत्त्वज्ञान आयुष्याचं सुकाणू धरतं. त्यातला कॅपाचा शब्द कुबेर्नेतेस, म्हणजे नाव हाकणारा, आमच्या दिवाळे कोळीवाड्यात ज्याला तांडेल म्हणतात तो. पुढे बऱ्याच संस्थांनी हीच पद्धत उचलली आणि ब्रीदवाक्य गुप्त ठेवलं, फक्त सभासदांना माहीत. कादंबरीला याच्याहून चांगलं काय हवं?

तुमच्या मुलींसाठी क्सेनिया घ्या, परक्याचं आदरातिथ्य, आद्याक्षर झाय. मग ओइकोस म्हणजे घर, ओमिक्रॉन. एल्पिस म्हणजे आशा, एप्सिलॉन. झाली झाय ओमिक्रॉन एप्सिलॉन. घरापासून लांब आलेल्या ठाण्याच्या मुलीला कुणीतरी दार उघडतंय, हे नावातच आलं. आणि पोरांच्या संस्थेत सिग्मा ठेवाच ठेवा, कारण सिगे म्हणजे मौन. हा अर्थ वाचकाला शेवटच्या भागात कळू दे.

सोरोरिटी हा शब्दही नंतरचा आहे बरं का. १८७४ मध्ये सिरॅक्यूजला सुरू झालेल्या गॅमा फाय बीटासाठी तिथल्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी तो सुचवला, त्याआधीच्या मुलींच्या संस्था स्वतःला फ्रॅटर्निटीच म्हणवायच्या, काही अजूनही म्हणवतात. लॅटिनमध्ये फ्रातेर आणि सोरोर, आपल्या संस्कृतात भ्राता आणि स्वसा, सख्खी भावंडंच आहेत ही.

नेरुळची_मावशी: अर्थाचं पटलं, पण अगं, नाव मोठ्याने वाचून बघ आधी. देवनागरीत काही अक्षरं फसवतात. काय, पाय, साय, न्यू. "ती सिग्मा काय मध्ये गेली" असं लिहिलंस की वाचणारा प्रश्नचिन्ह शोधत बसतो, आणि साय म्हटलं की मला दुधावरचीच दिसते. थीटा, कॅपा, डेल्टा, झाय, ओमिक्रॉन यांना मराठीत दुसरा अर्थ नाही, ती कानाला नीट बसतात.

आणि पूर्ण नाव तिथे कुणी सारखं घेत नाही. माझी भाची तिकडे चार वर्षं एका सोरोरिटीत होती, सुट्टीत नेरुळला आली तेव्हा तिचा स्वेटशर्ट मी धुवायला घेतला, तर छातीवरची अक्षरं छापलेली नव्हती, फुलाफुलांच्या कापडाची कापून वर जाड दोऱ्याने शिवलेली होती. म्हणाली मावशी, मशीनला नको टाकूस, हाताने धू. रीतसर सभासद झाल्याशिवाय ती अक्षरं अंगावर घालायची नाहीत आणि ती घातलेली असताना दारूला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम होता. नाव निवडताना ते शिवलेलं कसं दिसेल हेही बघ. झाय म्हणजे एकाखाली एक तीन आडव्या रेघा, लांबून ओळखू येतात. आणि बोलताना मुली नुसतं एक अक्षर किंवा टोपणनाव घेतात, डेल्टा कॅपा एप्सिलॉनला डीक म्हणतात तसं. तुझ्या मुली "झाय" म्हणतील.

कोपरी_पूल: एक कळकळीने सांगतो. ज्या संस्थेच्या घरात मुलगा मरतो तिचं नाव खऱ्या नावाच्या जवळपाससुद्धा नको, एक अक्षर बदलून तर नकोच. या नावांमागे माणसांचा इतिहास आहे. १९०६ मध्ये कॉर्नेलला काळ्या विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा काढली, १९०८ मध्ये हॉवर्डला मुलींची अल्फा कॅपा अल्फा निघाली, वर्णभेदाच्या काळात त्या पोरापोरींना तोच आधार होता. आपल्या देशी मुलांचीही आहे, बिंगहॅम्टनला १९९४ ची आयोटा न्यू डेल्टा, आद्याक्षरं इंग्रजीत लावून बघा, इंड होतं. ताई, तुमच्या नायिकेला कुणीतरी विचारणारच की तू देशी मुलींच्या सोरोरिटीत का नाही गेलीस, त्याचं उत्तर तयार ठेवा.

चोवीस अक्षरांतून तीन-तीनच्या १३,८२४ जोडण्या होतात, त्यामुळे मोकळं नाव मिळेल, पण एकाच कॉलेजपुरत्या छोट्या संस्थाही असतात, त्या शोधून घ्या. दोन अक्षरी नाव शक्यतो टाळा, कारण शाखांना म्हणजे चॅप्टरना अल्फा, बीटा अशी नावं देत चोवीस संपली की पुढे अल्फा अल्फा, अल्फा बीटा असं चालतं, वाचक गोंधळेल. तीनही अडलं तर ग्रीक सोडाच. अकेशिया १९०४ ची, फार्महाऊस १९०५ ची, दोन्ही खऱ्या फ्रॅटर्निटी आणि नाव साध्या शब्दाचं.

घोडबंदरची_लेखिका: तुम्हा तिघांचे किती आभार मानू. मुलींचं झाय ओमिक्रॉन एप्सिलॉन लिहून टाकलं, आज रात्री नीट शोधते, कुणाचं निघालं तर ओइकोसच्या जागी दुसरा शब्द बघेन पण क्सेनिया सोडणार नाही. पोरांच्या नावात सिग्मा शेवटी येईल, बाकी दोन अक्षरं अजून सापडायचीत. आणि मावशी, स्वेटशर्ट घेतेय हं. नौपाड्यातल्या घरी आई तो बादलीत भिजवते, तिला त्या तीन रेघा म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि मुलगी दारात उभी राहून बघतेय, सांगायचं की नाही ते तिचं अजून ठरत नाहीये. तिथून सुरू करते.