दिवसभर घरात असता, तेव्हा कशाची वाट बघता?

कृष्णाकाठ:
खुब्याचं हाड मोडल्यापासून सासूबाई अंथरुणाला आहेत, आणि त्यांच्याबरोबर मीही घरातच. सांगलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्यांचं करण्याबद्दल तक्रार नाही, माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच काढली. पण मंगळवार कुठला नि गुरुवार कुठला, हे आता गोळ्यांच्या डबीवरूनच कळतं. ‘ध्यान करा, छंद जोपासा’ हे सगळ्यांचं सांगून झालंय. मला तुमच्या घरात खरंच घडणारं काहीतरी सांगा. स्वयंपाक, धुणं, औषधं यांच्यातच बसेल असं.

ताकघुसळी:
माझा तूप कढवायचा दिवस! साय रोज साठवते, शनिवारी रात्री विरजण लावते आणि रविवारी घुसळते. मिक्सर आहे, पण मी रवीच घेते. सध्याच्या उन्हाळ्यात बर्फाचे खडे टाकल्याशिवाय लोणी धरत नाही. रवी जड जड होत जाते आणि मग एकाएकी सैल फिरायला लागते, बघावं तर लोण्याचे कण वर! ते डोळ्यांच्या आधी हाताला कळतं, आणि मला दर वेळी तितकंच बरं वाटतं.

मग लोणी धुवून मंद आचेवर. त्यात पाणी आहे तोवर पातेलं तडतडतं, पाणी उडत आलं की आवाज मंदावतो. मी आत कपड्यांच्या घड्या घालत असले तरी कान तिकडेच. आवाज थांबत आला की उठायचं, बेरी बदामी दिसली की गॅस बंद करून वर विड्याचं पान टाकायचं. गरम बेरीत गूळ कालवून घरात सगळ्यांना चमचा चमचा. सासूबाईंना चालत असेल तर त्यांना पहिला द्या. नसेल चालत, तर स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवा, वास पोचतो.

जुना वाहक:
ताई, गुलबक्षी लावा. मी एसटीत वाहक होतो, दुपारी चारला घरी असणं मला माहीतच नव्हतं. निवृत्तीनंतर नाशिकच्या घरी पहिल्यांदा बघितलं, की ही फुलं चारच्या पुढेमागे उमलतात आणि सकाळी ऊन चढलं की मिटतात. आभाळ भरलेलं असेल तर लवकरच उघडतात. एकाच झाडावर गुलाबी नि पिवळी, कधी एकाच फुलात दोन्ही रंग. अंधार पडला की लांब सोंडेचे मोठे पतंग येतात. मी आणि आमची मंडळी चहा घेऊन तिथेच बसतो, कुठलं फूल आधी उघडतं ते बघत.

बी मिऱ्यासारखी काळी असते. पाऊस सुरू झाला की लावा. मुळाशी कंद धरतो, म्हणून कुंडी खोल घ्या. बी विषारी असते, घरात लहान मूल असेल तर जपा.

दुपारची उन्हं:
दोन्ही छान आहे, पण ताई, तुमची झोप होते का? मी वडिलांचं केलंय. ते दुपारी झोपले की भांडी तशीच ठेवून मीही खिडकीखाली गार फरशीवर आडवी व्हायचे. माझा दिवसातला सगळ्यात मोठा आनंद तोच होता. भांडी कुठे जात नाहीत.

कृष्णाकाठ:
भांडी आज तशीच ठेवली!

सासूबाईंना बेरीचं वाचून दाखवलं. लगेच म्हणाल्या, “गूळ कसला, पिठीसाखर!” आणि मग माहेरच्या म्हशी, त्यांची नावं, कुठली लाथ मारायची, सगळं निघालं. इतक्या दिवसांत एवढं बोलल्या नव्हत्या. साय साठवायला घेतली आहे.

दादा, आमची गॅलरी पूर्वेला आहे, दुपारनंतर सावली. गुलबक्षी येईल का?

जुना वाहक:
येईल. सकाळचं चांगलं ऊन मिळालं तरी भागतं. बी विकत घेऊ नका, कुणाच्या अंगणात झाड असेल तर खाली मातीत पडलेली सापडते. कुंडी सासूबाईंना पलंगावरून दिसेल अशी ठेवा.