प्रतिसाद: नॉर्मलायझेशन फक्त परीक्षेपुरतं?

"नॉर्मलायझेशन परीक्षेपुरतं, नोकरीत क्वेरी लिहिता आल्या की झालं" हे मत काही पटलं नाही. नॉर्मलायझेशन म्हणजे डेटाबेसमधली माहिती पुन्हापुन्हा न साठवता योग्य टेबलांत वाटणं; क्वेरी म्हणजे ती माहिती काढायला डेटाबेसला लिहिलेली विचारणा. आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा सौदा घ्या. शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाइल, पोती, दर, खरेदीदार सगळं एकाच टेबलात कोंबलं, की शेतकऱ्याचा नंबर बदलल्यावर त्याच्या प्रत्येक सौद्याची ओळ दुरुस्त करत बसा. एखादी राहिली, तर पट्टीचा (विक्रीच्या हिशोबाचा) मेसेज भलत्यालाच. आणि ज्याचा माल अजून आलाच नाही, त्याची नोंद कुठे करणार? म्हणून शेतकरी वेगळा, सौदा वेगळा, मध्ये फॉरेन की, म्हणजे सौद्याच्या ओळीतला शेतकऱ्याच्या ओळीकडे बोट दाखवणारा रकाना. खरी मेख पुढेच आहे: दर कुठे ठेवाल? मालाच्या टेबलात नाही, कारण तो प्रत्येक लॉटला वेगळा निघतो, तो सौद्याचाच. हे कुठलीही क्वेरी शिकवत नाही.

माहिती टेबलांत मांडायच्या रिलेशनल मॉडेलवरचा एडगर कॉडचा निबंध १९७० चा, गोष्टी आणि त्यांची नाती आकृतीत दाखवणारं पीटर चेनचं ईआर मॉडेल १९७६ चं. सिलॅबस जुना म्हणून नाकं मुरडणाऱ्यांसाठी सांगतोय: जुनं आहे, पण पाया हाच.

एक मात्र मान्य, पाचव्या नॉर्मल फॉर्मपर्यंत (नॉर्मलायझेशनच्या पायऱ्या) घोकंपट्टी नको. तिसरा पक्का करा. पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर फुकट आहे; त्यात ही दोन टेबलं करा, सौदा झालेला शेतकरी मुद्दाम डिलीट करून बघा आणि काय एरर येते ते इथे टाका.