नगरपरिषदेची दीडशे वर्षं: होड्यांची मिरवणूक, दशावतार, गावजेवण. आखणी कुठून सुरू करावी?

बंदरवाडीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दक्षिण कोकणातलं किनाऱ्यावरचं छोटं शहर, वस्ती साधारण बारा हजार. नगरपरिषदेच्या स्थापनेला १५० वर्षं होतायत आणि स्थापनेची तारीख मेच्या शेवटच्या आठवड्यात येते. समितीच्या मनात दोन दिवसांचा सोहळा आहे. पहिल्या दिवशी दुपारनंतर खाडीतून जेटीपर्यंत पंचवीसेक होड्यांची मिरवणूक, तिथून पालखीसह शोभायात्रा, रात्री दशावतार. दुसऱ्या दिवशी जुन्या फोटोंचं प्रदर्शन आणि तीन हजार माणसांचं गावजेवण. स्टेज पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) घालावं असं बऱ्याच जणांचं मत आहे.

तारीख तीच धरावी की पुढेमागे करावी? परवानग्या कुठल्या क्रमाने घ्याव्यात? आणि जेवणाचा अंदाज कसा बांधावा? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

खाडीमुख

मेचा शेवटचा आठवडा होड्यांसाठी बाद समजा. प्रवासी होड्या आणि जलक्रीडा मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, त्यामुळे मे संपता संपता होड्या वर ओढायची घाई चालू असते. त्यात वळवाचा पाऊस. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी तीनला उसळलेलं दिसतं. मिरवणूक नेमकी त्याच वेळी.

मेच्या पहिल्या आठवड्यात चाकरमानी गावात असतात हे खरं, पण लग्नसराईत मंडपवाला, आचारी आणि टेम्पो मिळत नाहीत, विहिरींनी तळ गाठलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा. उरतो डिसेंबर ते जानेवारीचा पूर्वार्ध. हवा कोरडी, समुद्र शांत.

डिसेंबरातला दिवस मात्र कॅलेंडरवर रविवार बघून ठरवू नका, तिथी बघा. तांडेलांचा (होडी चालवणाऱ्या प्रमुखांचा) हिशोब वापरा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सकाळी सव्वाअकराला आणि ओहोटी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास. पौर्णिमेचं चांदणं बघून संध्याकाळची मिरवणूक ठेवली की मोठ्या होड्या खाडीच्या मुखाशी गाळात बसतात आणि जेटीच्या पायऱ्या पाण्यापासून दोन पुरुष (दोन माणसांच्या उंचीइतक्या) वर राहतात. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार. पंचमी ते सप्तमी, शुक्ल किंवा वद्य, दोन्ही चालतील. पावणेचार ते सव्वापाचच्या दरम्यान पाणी भरलेलं असेल आणि भांगाचे (भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे) दिवस असल्याने ओढही कमी. तोटा एवढाच की भांगाची भरती फार चढत नाही. तेव्हा आधीच्या पंधरवड्यात त्याच तिथीला मुखाशी बांबू टाकून खोली मोजा आणि सर्वांत जास्त पाणी लागणाऱ्या ट्रॉलरशी ताडून बघा. हिशोबात अर्धा तास इकडेतिकडे होतो, शेवटची वेळ बंदर खात्याच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच घ्या.

होड्यांबद्दल. एकामागोमाग एक ओळ, दोन होड्यांत किमान तीन होड्यांच्या लांबीचं अंतर. पुढच्या होडीवर अनुभवी तांडेल आणि तिला ओलांडून कोणीही जायचं नाही. माणशी एक लाइफ जॅकेट, अंगात घातलेलं, बाकाखाली रचून ठेवलेलं नव्हे. माणसं नोंदणीपत्रातल्या क्षमतेइतकीच. दोन रिकाम्या होड्या बचावासाठी, एक मध्यावर आणि एक शेवटी, दोन्हीत दोर आणि पट्टीचे पोहणारे खलाशी. बहुतेक घोळ सजावटीमुळे होतात. प्लास्टिकच्या पताका आणि नायलॉनचे तोरणदोर पाण्यात पडून इंजिनच्या पंख्यात गुंडाळतात आणि होडी आडवी होते. झेंडूच्या माळा सुती दोऱ्याच्या, त्याही नाळेकडच्या (पुढच्या टोकाकडच्या) अर्ध्या भागातच. रोषणाई बॅटरीवरच्या एलईडी पट्ट्यांची. होडीत पेट्रोलवरचा जनरेटर चढवायचा नाही, यात तडजोड नको.

बंदर निरीक्षक, मत्स्यव्यवसाय विभागाचे परवाना अधिकारी आणि सागरी पोलीस ठाणे, तिघांनाही होड्यांची नावं, नोंदणी क्रमांक आणि तांडेलांच्या सह्या असलेली एकच यादी द्या. तीन वेगवेगळ्या याद्या गेल्या की तीन वेगवेगळे आक्षेप येतात.

---

जुना_नाका

दीडशेवा वर्धापनदिन डिसेंबरात? मग तो वर्धापनदिन कसला? तारखेला मान हवाच. माझ्या मते खऱ्या तारखेला सकाळी तासाभराचा कार्यक्रम करा. नगरपरिषदेसमोर ध्वज, ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं (सामूहिक प्रार्थना), विशेष सभेत ठराव. मोठा सोहळा डिसेंबरात. मानकऱ्यांना आणि गुरवांना नारळ-विडा देऊन बोलावणं दोन्ही वेळा करायचं. पहिल्याच वेळी राहिलं तर दुसऱ्या वेळी पालखी बाहेर पडेल याची खात्री धरू नका.

आणि मुळात ती तारीख कसली आहे तेही तपासा. सरकारी अधिसूचनेची तारीख, ती अमलात आल्याची तारीख आणि पहिल्या सभेची तारीख या तीन वेगळ्या असू शकतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा खंड १८८० चा आहे, त्यात नगरपालिकांचे उल्लेख सापडतात. अधिसूचनेसाठी मुंबईच्या पुराभिलेखागारात जुनी शासकीय राजपत्रं शोधावी लागतील. पत्रिका छापण्याआधी हे करा. नंतर कोणी कागद काढून दाखवला तर शोभा होते.

---

अर्ज_विनंती

परवानग्या म्हटल्या की सगळे पोलीस ठाण्याकडे धावतात, पण सुरुवात नगरपरिषदेच्या ठरावापासून करा: कार्यक्रम, जागा, समिती, बँक खातं. पुढचा प्रत्येक अर्ज या ठरावाची प्रत मागतो. निवडणूक जवळ असेल तर आचारसंहितेचा काळ आधी विचारून घ्या, नाहीतर पत्रिकेवरची निम्मी नावं झाकावी लागतात.

वर्गणी नोंदणी नसलेली समिती गोळा करणार असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली सहायक धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. पावती पुस्तकं ती हातात आल्यावरच छापा. पावत्यांना अनुक्रमांक असावेत आणि कोणत्या वाडीकडे कोणतं पुस्तक गेलं याची वही एकाच माणसाकडे.

आवाज. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांना १२ पर्यंत सवलत देता येते, पण त्या दिवसांची यादी जिल्हाधिकारी काढतात आणि ते बहुतेक मोठ्या सणांना जातात. तुमचा दिवस त्यात नसेल असंच धरून चाला. दशावतारावर हे थेट येतं. आडदशावतार (आख्यानाआधीचा पूर्वरंग) साडेसहाला, आख्यान साडेसातला, पावणेदहाला मंगल. पारंपरिक रात्रभराचाच प्रयोग हवा असेल तर बंदिस्त नाट्यगृहात ठेवा. बंदिस्त सभागृहातल्या सभागृहापुरत्या ध्वनिक्षेपकाला ही बंदी नाही. डिसेंबर म्हणजे जत्रांचा हंगाम, दशावतारी कंपन्यांच्या तारखा देवस्थानांना बांधलेल्या असतात. आधी पंचक्रोशीतल्या जत्रांच्या तारखा लिहून काढा, मगच कंपनीला विचारा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं १०० मीटरचं शांतता क्षेत्र नकाशावर आखून शोभायात्रेचा मार्ग ठरवा.

चाकरमान्यांसाठी: रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. मुंबईतल्या मंडळांना तारीख किमान तीन महिने आधी कळली पाहिजे.

---

फेज_न्यूट्रल

पुळणीवर स्टेज नको. त्या पट्ट्याला किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात, आणि नोव्हेंबर ते मे हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंडी-पिल्लांचा काळ. वेळास, आंजर्ले, वायंगणी ही नावं सर्वांना माहीत आहेत, पण इतर पुळणींवरही मादी चढते आणि झगमगाट बघून परत फिरते. पिल्लं तर समुद्राऐवजी दिव्याकडे चालतात. हे सगळं सोडा, वाळूत मंडपाचा खुंटा धरत नाही आणि कोरड्या वाळूत अर्थिंग मिळत नाही. मैदान घ्या.

मैदानातही दुपारचे खारे वारे असतातच. स्टेज पश्चिमेला, तोंड पूर्वेला ठेवा. वारा पाठीमागून आल्याने आवाज प्रेक्षकांकडे वाहतो आणि मागचा पडदा मावळतीचं ऊन अडवतो. पण ३० बाय १५ फुटांचा अखंड फ्लेक्स म्हणजे साडेचारशे चौरस फुटांचं शीड. जाळीचा फ्लेक्स छापा, नसेल तर मागची चौकट २०० लिटरच्या पाणी भरलेल्या पिंपांना बांधा. एक पिंप म्हणजे २०० किलो, प्रत्येक खांबाला एक.

विजेचा हिशोब: १८० वॅटचे ४० एलईडी पार (स्टेजवरचे दिवे) म्हणजे सव्वासात किलोवॅट, ध्वनियंत्रणा १२, एलईडी पडदा ४, मैदानातले फ्लड २, पंधरा स्टॉल प्रत्येकी ३०० वॅट म्हणजे साडेचार. एकूण तीसच्या आसपास. ६२.५ केव्हीएचा जनरेटर ५० किलोवॅट देतो, तो ६० टक्क्यांवर चालेल. याहून लहान घेऊ नका. महावितरणची तात्पुरती जोडणी मुख्य आणि जनरेटर राखीव ठेवा. मध्ये चेंजओव्हर स्विच हवाच, नाहीतर जनरेटरची वीज उलटी लाइनवर जाऊन खांबावरच्या माणसाचा जीव जातो.

एका फेजवर आवाज, दुसऱ्यावर दिवे, तिसऱ्यावर स्टॉल. आवाज आणि दिवे एकत्र घातले की स्पीकरमधून घरघर येते. स्टॉलवाले गुपचूप दोन किलोवॅटची शेगडी लावतात, म्हणून प्रत्येक स्टॉलला २ अँपिअरचा वेगळा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच). शेगडी लावली की फक्त त्याचाच दिवा जाईल. न्यूट्रलचा सांधा पिळून टेप मारलेला चालणार नाही, लग्स (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे जोड) हवेत. न्यूट्रल सुटला की २३० च्या जागी ४०० पर्यंत दाब चढतो आणि अँप्लिफायर जळतो. प्रत्येक वितरण पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). सगळ्यात मोठी चूक: तो सारखा पडतो म्हणून कोणीतरी त्याला बायपास करतो. दवात भिजलेल्या वायरीमुळे पडत असेल तर वायर बदला.

आणखी एक, कमानी. पालखीबरोबर तरंग (देवतांचे उंच सजवलेले खांब) असतील तर कमानीखालून आणि आडव्या तारांखालून ते उभे जातील का, हे मार्गावर बांबू फिरवून बघा. रस्ता ओलांडणाऱ्या तारा किमान ५.८ मीटर वर.

---

चुलवण

गावजेवणाबद्दल. पहिली गोष्ट, वडे नकोत. माणशी चार धरले तर बारा हजार. एका कढईत एका घाण्याला बारा, घाण्याला तीन मिनिटं, म्हणजे तासाला २४०. आठ कढया लावल्या तरी सहा तासांहून जास्त लागतात, आणि सकाळी तळलेला वडा दुपारी चामड्यासारखा होतो. भात, डाळ, काळ्या वाटाण्याचं सांबारं, एक भाजी, खीर, सोलकढी. एवढं पुष्कळ.

हजार माणसांचं प्रमाण देतो, तुम्ही तिप्पट करा. तांदूळ ११० किलो, तूरडाळ ३० किलो, काळे वाटाणे ४० किलो, वाटणाला ६० ते ७० नारळ. वाटाणे बारा तास भिजले पाहिजेत आणि मध्ये एकदा पाणी बदलायचं. थंडीतही बंद पिंपात पाणी न बदलता ठेवले तर फेस धरतात. सोलकढी माणशी १५० मिलि म्हणजे १५० लिटर: १२० नारळ आणि आठ-नऊ लिटर आगळ (कोकमाचा घट्ट रस). आगळात मीठ असतं, म्हणून वरून मीठ अगदी शेवटी चाखून. सोलकढी अॅल्युमिनियमच्या टोपात किंवा कल्हई गेलेल्या पितळेत कधीही ठेवायची नाही, आंबट रस धातूला लागतो. स्टीलचेच टोप. नारळाचा रस तीन-चार तासांत आंबतो, म्हणून नारळ तिथेच वाटायचा आणि दर तासाला पन्नास लिटरचा नवा घाणा.

भात एका टोपात दहा-बारा किलोच्या वर शिजवू नका, खाली करपतो आणि वर कच्चा राहतो. शिजलेला भात मोठा ढीग करून झाकून ठेवणं ही विषबाधेची सरळ वाट आहे. मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. पंगत सुरू होण्याआधी दोन तासांच्या आतलाच भात वाढा.

आता वेळ. तीनशे पानांची पंगत उठायला ३५ ते ४० मिनिटं. तीन हजार म्हणजे दहा पंगती, साडेसहा तास. एकाच जागी केलं तर शेवटच्या पंगती साडेपाचला. दोन जागा करा आणि वाडीनिहाय वेळ छापलेली कुपनं वाटा. वृद्ध आणि लहान मुलंवाल्यांना पहिली पंगत. पाण्याचे २० लिटरचे १५० जार. पत्रावळी पानांच्याच, थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. उष्टं माणशी तीनशे ग्रॅम धरलं तर जवळजवळ नऊशे किलो निघेल. तो ओला कचरा कुठे जाणार हे आरोग्य विभागाशी आधी ठरवा. सुक्याओल्याचे डबे पंगतीच्या तोंडाशी नकोत, हात धुण्याच्या जागेजवळ हवेत, लोक पान घेऊन तिथेच जातात. आचाऱ्याची अन्न सुरक्षा नोंदणी अर्जासोबत जोडा.

---

बंदरवाडीकर

सर्वांचे आभार. मेमध्ये छोटा कार्यक्रम, डिसेंबरात षष्ठी-सप्तमी जोडून मुख्य सोहळा असं समितीपुढे मांडतो. फोटोंचं प्रदर्शन राहिलं. लोक जुने फोटो द्यायला तयार आहेत, पण काचेत अडकलेले, बुरशी लागलेले बरेच आहेत.

---

जुना_नाका

मूळ फोटो ताब्यात घेऊ नका. वाडीत स्कॅनर घेऊन जा, मालकासमोर ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि लगेच परत द्या. काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही, काचेसकटच कॅमेऱ्याने बाजूच्या खिडकीच्या उजेडात टिपा, फ्लॅश बंद. बुरशी ओल्या फडक्याने पुसली की चित्रच निघून येतं. कोरडा मऊ ब्रश, तोही वरवर. कोणी हौसेने मूळ फोटो लॅमिनेट करत असेल तर थांबवा, ते परत काढता येत नाही. प्रत्येक स्कॅनबरोबर एक कागद भरून घ्या: कोणी दिला, कुठला, अंदाजे साल, फोटोतली माणसं, छापायला संमती. संमती नसलेला फोटो लावू नका, घरचेच लोक येऊन काढायला लावतात.

छपाई फोम शीटवर करा, साधा कागद खाऱ्या हवेत दुसऱ्या दिवशी गुंडाळी होतो. फोटोचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर, मजकूर २४ पॉइंटच्या खाली नको. आणि शेवटी एक कोरा फलक, दोरीला बांधलेली पेन्सिल. फोटोतले अनोळखी चेहरे ओळखणारी माणसं तिथेच भेटतात, ती नावं रोज संध्याकाळी उतरवून घ्या, कारण पेन्सिलीचं अक्षर बोटांनी पुसलं जातं.