हेराल्ड, काँटेसा की सॅन स्टॉर्म? जुनी स्पोर्टी गाडी गुंतवणूक म्हणून परवडते का?

केळीपट्टा_रावेर

राम राम मंडळी. आठ-नऊ लाख रुपये मोकळे आहेत. एफडी आणि सोनं दोन्हीत आधीच थोडं थोडं आहे, म्हणून हे पैसे एखाद्या जुन्या गाडीत घालावेत असा विचार चाललाय. समोर तीन गाड्या आहेत:

स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, १९६७ ची, चालू. मालक साडेचार लाख म्हणतो. नंबर जुना तीन अक्षरी, आरसी बुक आहे पण ऑनलाइन काही दिसत नाही.

काँटेसा क्लासिक १.८ जीएल, १९९४, सव्वातीन लाख.

सॅन स्टॉर्म, गोव्याची, भाव अजून बोललेला नाही.

दहा वर्षं सांभाळून विकली तर पैसे सुटतील का? आपल्याकडच्या उन्हात ठेवायची कशी? आणि बघायला जाताना नेमकं काय तपासायचं?

हिशोब_आधी

हेराल्डचाच हिशोब मांडतो. साडेचार लाखांची "चालू" गाडी दारात आल्यावर साडेचारची राहत नाही. डेंटिंग-पेंटिंग, इंजिन, ब्रेक, वायरिंग, सीटा मिळून पाच लाख धरा, म्हणजे साडेनऊ झाले. हेच साडेनऊ लाख ७ टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले तर १८ लाख ६९ हजार होतात. शिवाय विमा, ऑईल, बॅटरी, टायर, किरकोळ कामं यांचे वर्षाला ३५ हजार. तेही त्याच व्याजाने मोजले तर ४ लाख ८४ हजार. बेरीज साडेतेवीस लाख. दहा वर्षांनी कुणी हेराल्डला साडेतेवीस लाख मोजले तर तुम्ही एफडीच्या बरोबरीला आलात. नफा त्याच्या पुढे सुरू होतो.

कोट्यवधींना जातात त्या गाड्या वेगळ्या. फेरारी २५० जीटीओ बनल्याच ३६. मर्सिडीज ३०० एसएलआरची बंद टपाची कूपे जगात दोनच, त्यातली एक २०२२ मध्ये साडेतेरा कोटी युरोला गेली. ट्रायम्फ हेराल्ड, म्हणजे आपल्या स्टँडर्ड हेराल्डचं मूळ, एकट्या ब्रिटनमध्ये पाच लाखांच्या वर बनल्या. आणि फेरारीचा भाव तरी कुठे सरळ चढला? ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी गेल्यावर भाव भडकले, १९९० नंतर असे आपटले की शेवटी घेणारे कित्येक वर्षं तोट्यात होते.

कराचंही बघा. स्वतःच्या वापरातली गाडी ही वैयक्तिक वापराची वस्तू, तिच्यावरच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. पण वापर दाखवावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२५ च्या एका निकालात १९३१ ची फोर्ड टूरर होती. १९८३ साली २० हजारांना घेतलेली, पुढे २१ लाखांना विकलेली. गाडी स्वतःसाठी वापरल्याचा पुरावा देता आला नाही, म्हणून नफा करपात्र ठरला. तेव्हा पेट्रोलच्या, दुरुस्तीच्या, विम्याच्या पावत्या पहिल्या दिवसापासून फाईलला लावा. "गुंतवणूक" म्हणून शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीला ही सवलत मागणं अवघड जातं.

स्पॅनर_धुळे

हिशोब बरोबर आहे. तरी घ्यायचीच असेल तर तिन्हींत हेराल्डच घ्या. कारण पुढे येतं, आधी तपासणी.

लोहचुंबक, जाड पेचकस, टॉर्च, जॅक एवढं बरोबर न्या. हेराल्डचं बॉनेट पुढच्या बाजूला उलटतं, मडगार्डसकट. इंजिन, पुढची चाकं, स्टिअरिंग सगळं उघडं पडतं, त्यामुळे मालकाला फार काही लपवता येत नाही.

चेसिस स्वतंत्र आहे, बॉडी वर बोल्टने बसवलेली. चेसिसपासून दोन्ही बाजूंना बॉडी उचलून धरणारे हात निघतात, ते आणि डिक्कीखालचा भाग पेचकसने टोचून बघा. पेचकस आत गेला तर तिथं नुसता गंज आहे. मग एका बाजूने चेसिसला जॅक लावून दार उघड-बंद करा. जॅकवर दार अडायला लागलं तर चेसिस वाकते आहे. चुंबक चाकांच्या कमानींवर आणि दाराखालच्या पट्टीवर फिरवा. जिथं धरत नाही तिथं लांबी (पुट्टी) भरलीय.

आता या गाडीचा खरा घातक भाग. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली ट्रनियनमध्ये, म्हणजे आटे पाडलेल्या पितळी ठोकळ्यात, फिरतो. त्यात ईपी ९० गिअर ऑईल भरायचं असतं, ग्रीस नाही. गॅरेजमध्ये ग्रीसगन हाताशी असते म्हणून सर्रास ग्रीसच मारतात. ते आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, दांडा आतून गंजतो आणि एखाद्या वळणावर तुटून चाक आडवं होतं. आधी किती दिवस ग्रीस होतं हे कुणीच खरं सांगत नाही, म्हणून गाडी घेतल्यावर दोन्ही बाजूंचे दांडे आणि ट्रनियन काढून तपासायचे, शंका आली तर बदलायचे. नंतर दर सहा महिन्यांनी ऑईल.

दुसरं, क्रँकचे थ्रस्ट वॉशर, म्हणजे क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या. ९४८ सीसीच्या या इंजिनात ते झिजून खाली ऑईलच्या संपमध्ये (तळातल्या टाकीत) पडतात, मग क्रँक थेट ब्लॉकला घासतो आणि ब्लॉक कामातून जातो. गाडी बंद, कुणाला तरी क्लच दाबायला लावा, तुम्ही पुढच्या पुलीकडे बघा. पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढे सरकली तर घेऊ नका, नाहीतर ब्लॉकची किंमत वजा करून भाव बोला.

मागे आडवा पाटा आणि स्विंग ॲक्सल. वेगात वळणात शिरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला की मागची चाकं आत दुमडतात आणि शेपूट फिरतं. चाळीसगावहून कन्नड घाट चढा-उतरायचा असेल तर वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही.

हेराल्ड का, तर ट्रायम्फ स्पिटफायर ही त्या काळची दोन सीटांची स्पोर्ट्स कार हेराल्डच्याच चेसिसच्या घडणीवर उभी आहे. पुढचं सस्पेन्शन, ट्रनियन, बुश असे बरेच भाग ब्रिटनमध्ये नवे बनतात. कस्टम आणि टपालखर्च भरावा लागेल, पण भाग मिळतो. काँटेसाचं इसुझुचं १८१७ सीसी इंजिन दणकट, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढची काच, मागचे दिवे, बंपर, दाराची रबरं शोधत भंगारवाल्यांकडे फिरावं लागतं, आणि तिला वेगळी चेसिस नाही. दाराखालची पट्टी कुजली म्हणजे गाडीचा कणाच कुजला. सॅन स्टॉर्मची बॉडी फायबरची, गंजत नाही पण माउंटिंगच्या भोवती तडकते. इंजिन रेनोचं ११४९ सीसी. ज्याच्याकडे आधीपासून एक आहे त्यानेच दुसरी घ्यावी, अशी ती गाडी आहे.

जुना_नंबर

गाडीआधी कागद बघा, भो. आरसी ऑनलाइन दिसत नाही म्हणजे जुन्या रजिस्टरची नोंद सरकारच्या ऑनलाइन 'वाहन' प्रणालीत चढलेली नाही. ती चढवायचं काम मूळ आरटीओत होतं, आणि तिथलं रजिस्टर सापडलं नाही तर सगळं अडतं. म्हणून ही नोंद मालकाने करून द्यायची, तोवर फक्त इसार. नोंद झाल्यावर गाडी नावावर करायला फॉर्म २९, ३०. दुसऱ्या आरटीओची असेल तर त्याआधी फॉर्म २८ वर एनओसी. नोंदणी संपली असेल तर फॉर्म २५ वर नूतनीकरण आणि पासिंग, पाच-पाच वर्षांचं. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाची फी १० हजार झालीय, आयात गाडी असेल तर ८० हजार. पर्यावरण कर वेगळा.

चेसिस नंबर पेन्सिल घासून कागदावर उतरवा आणि आरसीशी ताडून बघा. इंजिन नंबरही. दुसरं इंजिन बसवलेलं असेल आणि आरसीवर तशी नोंद नसेल तर ती गाडी जमा करणाऱ्यांच्या कामाची नाही.

५० वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी "व्हीए" मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो. नवी नोंदणी २० हजार, दहा वर्षांसाठी, पुढे ५ हजार. हेराल्ड वयात बसते, काँटेसा नाही. पण त्या नंबरावर रोजचा वापर चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच रस्त्यावर काढता येते. रविवारी सहज पाल गावाला चक्कर मारायची असेल तर आहे तीच नोंदणी जिवंत ठेवा. शिवाय मूळ तीन अक्षरी पाटी असलेल्या गाडीला घेणारा दोन पैसे जास्त देतो, ती कशाला घालवायची?

एमएच१९_शेड

उन्हाचं सांगतो. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी ठेवू नका. मे महिन्यात बाहेर ४५ असतं तेव्हा पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. डॅशबोर्ड तडकतो, रबरं वाळतात. विटांची खोली, वर स्लॅब, खाली काँक्रीट. काळ्या मातीवर उभी केलेली गाडी पावसाळ्यात खालून ओल घेते. कव्हर सुती, प्लॅस्टिकचं नको. केळीच्या, मक्याच्या गोदामाशेजारी असेल तर उंदीर वायरिंग सोडत नाहीत, एक्झॉस्टच्या तोंडाला आणि एअर फिल्टरला जाळी लावा.

पेट्रोल आता ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने फुगतो, मऊ पडतो, आणि गरम इंजिनवर गळालं तर आग. सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या, एसएई जे३० आर९ प्रतीच्या टाका, पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारा घ्या. मिश्रण पातळ होतं म्हणून मेन जेट एक नंबर मोठा लागतो. महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचा बाऊल रिकामा करा. दुपारी बंद केल्यावर परत चालू होत नसेल तर बहुधा व्हेपर लॉक आहे, म्हणजे उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांबवा, मध्ये पत्र्याची आड लावा. ओल्या फडक्याने पंप थंड करणं हा तात्पुरता इलाज. रेडिएटर वरवर धुऊन उपयोग नाही, नवा कोअर बसवून घ्या.

दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करायची सवय वाईट. इंजिन पुरतं तापत नाही, एक्झॉस्टमध्ये आणि ऑईलमध्ये पाणी साचतं. पंधरा दिवसांतून एकदा वीस किलोमीटर चालवा, नाहीतर हातच लावू नका.

काँटेसावाला

काँटेसाला इतकंही नाकारू नका. बंगालमध्ये उत्तरपाड्याला १९८४ ते २००२ एवढीच बनली, आणि लहानपणी जिला बघत राहिले त्यांच्या हातात आता पैसा आहे. १.८ पेट्रोल, मूळ रंग, मूळ सीटा असतील तर मागणी आहे. डिझेल किंवा सुरुवातीचं १४८९ सीसी असेल तर नाही.

हिशोब_आधी

मागणी आहे हे मान्य. पण सोनं जळगावच्या सराफ्यात अर्ध्या तासात मोडून पैसे हातात येतात. काँटेसाला गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं, ते येऊन बघणार, मिस्त्री आणणार, दोनदा भाव पाडणार. ऐन गरजेला विकायची वेळ आली तर सव्वातीनचे दोन येतात.

केळीपट्टा_रावेर

सगळ्यांचे आभार. गुंतवणूक हा शब्द काढून टाकला. हेराल्ड बघायला रविवारी जातोय, मालकाला नोंदीचं सांगितलंय, तयार आहे. एक शंका: पुलीची हालचाल "डोळ्याला दिसेल इतकी" म्हणजे किती? मोजता येते का?

स्पॅनर_धुळे

येते. डायल गेज असेल तर उत्तम. गेजचा दांडा पुलीच्या तोंडावर टेकवायचा, क्लच दाबायचा-सोडायचा. ०.१० ते ०.२० मिमी ठीक, ०.२५ च्या पुढे गेलं की वॉशर गेलेत. गेज नसेल तर पुली आणि ब्लॉक यांच्यातलं अंतर फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) दोनदा मोजा, एकदा क्लच सोडून, एकदा दाबून, आणि वजाबाकी करा. इंजिन गार असताना मोजा, आणि क्लच दाबायला मालकाला बसवू नका. अर्धाच दाबतात.