'लुकिंग फॉरवर्ड टू' नंतर हिअर की हिअरिंग? पुस्तकही सुचवा (बजेट ३०० रु.)

द्राक्षवाला_पिंपळगाव
नमस्कार मंडळी. हॉलंडच्या बायरला द्राक्षाचं कोटेशन जायचंय. शेवटी मी 'वी आर लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' लिहिलं, भाचा म्हणतो हिअरिंग पाहिजे. शाळेत तर टू नंतर साधं क्रियापद शिकवलेलं ना? आणि मेल लिहायला कामी येईल असं पुस्तक सांगा, ३०० पर्यंत. क्लास नको, सीझन चालू आहे.

सातपूर_फिटर
हिअरिंग. पण खरं सांगू का, क्लासच लावा. मी कॉलेज रोडला १२ हजार भरले, आज जर्मन क्लायंटशी थेट बोलतो. पुस्तकाने कोणाला इंग्रजी आलेलं मी बघितलं नाही.

गोदाकाठ
त्यांनी क्लास नको म्हटलंय हो. रेमंड मर्फीचं निळ्या कव्हरचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज' घ्या, ३०० च्या वर जाईल पण घ्याच. लाल कव्हरचं अगदी सुरुवातीच्यांसाठी आहे, माझ्या भावाने चुकून तेच आणलं आणि तसंच पडलंय.

पंचवटी_मॅडम
भाचा बरोबर आहे पण कारण कोणीच सांगितलं नाही. 'आय वॉन्ट टू हिअर' मधला टू क्रियापदाचा आहे. 'लुक फॉरवर्ड टू' मधला टू मात्र शब्दयोगी, त्याच्यापुढे नाम लागतं, आणि क्रियापद आणायचंच असेल तर त्याला आयएनजी लावून नामासारखं करावं लागतं. ओळखायची युक्ती म्हणजे तिथे 'युवर रिप्लाय' ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू युवर रिप्लाय' बसतं, म्हणून हिअरिंग. 'वॉन्ट टू युवर रिप्लाय' बसत नाही, म्हणून तिथे हिअर. 'आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग' (सवय आहे) आणि 'आय यूज्ड टू वर्क' (पूर्वी करायचो) यातही हाच फरक, तिथे तर अर्थच बदलतो. आणि पहिल्या मेलला 'वी लुक फॉरवर्ड टू' जास्त औपचारिक वाटतं, 'आर लुकिंग' ओळखीत चालतं.

सिडको_०७
हिअरिंगच बरोबर. मी तर 'प्लीज रिव्हर्ट' लिहितो, सगळे समजतात.

गोदाकाठ
आपल्याकडे 'उत्तर द्या' असं समजतात. बाहेर रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं, हॉलंडवाला गोंधळेल.

सिडको_०७
प्रीपोन (ठरल्या वेळेच्या आधी घेणं) पण आपलाच शब्द होता, आता ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे. भाषा वापरणाऱ्याची असते.

सातपूर_फिटर
म्हणूनच म्हणतो क्लास लावा.

जुनं_नाशिक
पुस्तक विकत कशाला घेता. सावानाचे (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) सभासद व्हा, १८४० पासूनचं वाचनालय आहे, व्याकरणाची पुस्तकं तिथे चाळून बघा मग ठरवा. आणि दादा, मेलला रेसिड्यू रिपोर्ट (द्राक्षात फवारणीच्या औषधांचे अवशेष किती, त्याचा) जोडलाय ना? युरोपचा बायर आधी तोच उघडतो.

द्राक्षवाला_पिंपळगाव
सगळ्यांचे आभार, मॅडमची युक्ती भाच्याला पण दाखवली. रिपोर्ट जोडलाय. पण ती ओळच काढून टाकली. 'प्लीज कन्फर्म द क्वांटिटी बाय फ्रायडे' लिहिलं, कारण कंटेनर बुक करायचाय आणि मला तारीख हवी आहे. पुस्तकाचं छाटणीनंतर बघू.

पंचवटी_मॅडम
चालेल, पण त्याच्या आधी 'कुड यू' लावा, नाहीतर हुकूम वाटेल.