माळढोक नाही दिसला तरी नान्नजला जा
काहीजण विचारतात की माळढोक पक्षी दिसायची खात्री नसेल तर नान्नजला गाईड घेऊन कशाला जायचं, तर सांगतो, जाच. सोलापुरातून बार्शी रोडने 20-22 किमी, 1979 सालचं माळढोक अभयारण्य, माळढोक आता फारच दुर्मिळ झालाय आणि त्याचं वाईट वाटतंच. पण आम्ही थंडीत पहाटे गेलो तेव्हा गाईडदादांनी हातानेच थांबवलं, वाळल्या गवतात आधी नुसती पिळाची शिंगं दिसली, मग अख्खा काळवीट, कान हलवत आमच्याकडेच बघत होता. धाविक तर मातीच्याच रंगाचा, तुरुतुरु पळाला तेव्हा कळलं की पक्षी आहे. भडक कपडे नका घालू आणि फोटोसाठी कळपामागे पळू नका प्लीज, बिथरतात बिचारे.