मदत हवी आहे: शुक्रवारी सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या मुलाखतीच्या चार फेऱ्या, नेमकं काय विचारतात?

सावलीरेघ
शुक्रवारी लागोपाठ चार फेऱ्या आहेत. फोनवरची पहिली चाचपणी झाली, ती बरी गेली. पुढे काय विचारतात? कोणी म्हणतं फक्त अल्गोरिदम (कोड्यासारखे कोडिंगचे प्रश्न) करा, कोणी म्हणतं सिस्टीम डिझाइन (मोठी सेवा कशी बांधाल ते). दोन्हीला वेळ नाही. 'भरपूर सराव करा' असले प्रतिसाद कृपया नकोत.

कंसपूर्ण
अनुभव किती? बॅकएंड की फ्रंटएंड? कोड कुठल्या भाषेत लिहिणार?

सावलीरेघ
बॅकएंड. अनुभव आहे, म्हणून तर बोलावलंय. प्रश्न कसे असतात तेवढं सांगा ना.

निळाढग
अल्गोरिदमच करा, बाकी सगळं नंतर. ठरावीक बेरीज येणारी जोडी शोधा, हा नेहमीचा प्रश्न. लूपमध्ये लूप टाकलात तर एक लाख आकड्यांसाठी सुमारे ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागतात. हॅशमॅप (पाहिलेला आकडा लगेच सापडेल असा साठा) घेतला की यादी एकदाच वाचून काम होतं. हॅशमॅप, टू पॉइंटर्स (यादीत दोन खुणा सरकवणं), स्लायडिंग विंडो (सलग तुकडा पुढे सरकवणं), झाडासारख्या रचनेवरचं बीएफएस-डीएफएस (पातळीपातळीने किंवा आधी खोलवर शोध) एवढं पक्कं करा. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (छोट्या उपप्रश्नांची उत्तरं साठवून मोठा प्रश्न सोडवणं) आता नव्याने सुरू करू नका.

जुनीशाई
निळाढग, असहमत. मी स्वतः मुलाखती घेते. उमेदवार प्रश्न ऐकतो आणि मान खाली घालून टाइप करायला लागतो. यादी रिकामी असू शकते का, तोच आकडा दोनदा चालेल का, ऋण आकडे येतील का, काही विचारत नाही. शेवटी उत्तर बरोबर येतं, पण विचार कसा केला ते मला कळलेलंच नसतं. मग मी शेऱ्यात काय लिहू? आधी साधं, हळू चालणारं उत्तर तोंडी सांगा, ते का हळू आहे ते सांगा, मग सुधारा. अडलात तर कुठे अडलात ते बोला, म्हणजे इशारा देता येतो.

निळाढग
बोलून कोड चालत नाही. वेळेत उत्तर आलं नाही तर छान बोलणाऱ्यालाही नकार येतो, हे मी पाहिलंय.

जुनीशाई
येतो. मी दोन्ही लागतं म्हणतेय.

पायवाट
थोडं अवांतर. बायनरी सर्च (क्रमाने लावलेली यादी निम्मी-निम्मी करत शोधणं) लिहाल तेव्हा मधला इंडेक्स (लो + हाय) / २ असा काढू नका. अ‍ॅरे खूप मोठा असेल तर बेरीज २१४७४८३६४७ च्या, म्हणजे ३२ बिटांच्या पूर्णांकाच्या मर्यादेच्या, पुढे जाते आणि ऋण होते. लो + (हाय - लो) / २ लिहा. जावाच्या लायब्ररीतही हा दोष कित्येक वर्षं होता, २००६ मध्ये जोशुआ ब्लॉख यांनी त्यावर लिहिलं तेव्हा तो सगळ्यांना कळला.

निळाढग
पायथनमध्ये हा प्रश्नच येत नाही, तिथे पूर्णांकाला अशी मर्यादा नाही.

कंसपूर्ण
म्हणूनच भाषा विचारतोय. सावलीरेघ?

उंबरठा
पगाराचा आकडा आपण आधी सांगायचा नाही. त्यांच्याकडून पट्टा विचारून घ्या. आणि रेझ्युमे एका पानाचा ठेवा.

सावलीरेघ
रेझ्युमे कधीच पाठवलाय. डिझाइनबद्दल कोणीच बोललं नाही.

पायवाट
लांब लिंक छोटी करणारी सेवा बांधा, हा हमखास प्रश्न. लगेच चौकटी काढू नका. रोज किती लिंक बनणार, वाचन जास्त की लेखन, ते विचारा. ६२ अक्षरं-अंक वापरून सात जागांचा कोड केला तर साधारण साडेतीन लाख कोटी लिंक मावतात, म्हणजे कोड पुरतील का ही चिंता मिटली. पुढचा खोचक प्रश्न: मूळ पत्त्याकडे वळवताना सर्व्हरने ३०१ (कायमचं वळवलं) सांगायचं की ३०२ (तात्पुरतं). ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, नंतरचे क्लिक तुमच्या सर्व्हरपर्यंत येतीलच असं नाही. क्लिक मोजायचे असतील तर ३०२.

सावलीरेघ
हे कामाचं आहे, धन्यवाद. मेलमध्ये फेऱ्या अशा दिल्यात: कोडिंग, तयार कोडमध्ये बदल, डिझाइन, मॅनेजरशी बोलणं. भाषा जावा. अनुभव चार वर्षं.

जुनीशाई
हा मेल पहिल्या पोस्टमध्ये हवा होता, अर्धा धागा वाचला असता! दुसऱ्या फेरीत अल्गोरिदम फारसा नसेल. अनोळखी कोड देतील, त्यात काहीतरी बिघडलेलं असेल. आल्या आल्या टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्रॅम) चालवा, चूक स्वतः घडवून पाहा, स्टॅक ट्रेस (चूक कुठून कुठे आली ती यादी) वाचा आणि तुमचा अंदाज बोलून दाखवा. लागेल तेवढाच बदल करा. सगळा कोड आवरत बसलात तर वेळ तिथेच संपेल. मॅनेजरच्या फेरीत 'आम्ही केलं' असं म्हणत राहू नका, त्यातलं तुम्ही काय केलं ते सांगा.

सावलीरेघ
टेस्टच नसतील तर?

जुनीशाई
मग एक लिहा. चूक दाखवणारी, आत्ता फेल होणारी. ती पास झाली की काम झालं हे दोघांनाही दिसतं.

कंसपूर्ण
आणि जावा आहे म्हणून सांगतो: दोन इंटीजर (पूर्णांक) ऑब्जेक्ट == ने ताडलेले दिसले की तिथे थांबा, ते किंमत नाही, तोच ऑब्जेक्ट आहे का ते पाहतं. -१२८ ते १२७ पर्यंतच्या किमतींचे ऑब्जेक्ट आधीच साठवलेले (कॅशमधले) असतात, म्हणून १२७ ला तुलना खरी ठरते आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये १२८ ला खोटी. लहान आकड्यांच्या टेस्ट पास होतात आणि चूक लपून राहते. इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट सारखे का ते ठरवणारं) लिहिलंय पण त्याच्याशी जुळणारा हॅशकोड (हॅशमॅपला लागणारा आकडा) नाही, लूप चालू असताना त्याच यादीतून काही काढलंय, हेही शोधा.

निळाढग
हे बरोबर आहे. पण पहिली फेरी कोडिंगचीच आहे, तेव्हा हॅशमॅप सोडू नका.